साहेबांचं नाव, पास्कूचे हात

मिनेझिससाहेब तिथंच होते. हाकेच्या अंतरावर. आपल्या नातवाला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. आणि माझ्या पोरीला हातात घेऊन उभा होता त्यांचा आचारी, पास्कू.

चर्चच्या दारापाशी पाण्याचं दगडी कुंड. बाप्तिस्मा तिथं होतो. फादर पुस्तक उघडून उभे. माझी बायको मार्था डोक्यावर पदर घेऊन माझ्या शेजारी. मागं माझी आई, जपमाळ मुठीत आवळून. पोरगी अजून मान न धरणारी. पांढऱ्या झग्यात एवढीशी.

फादरांनी विचारलं, "धर्मबाप कोण?"

"मिनेझिससाहेब," पास्कू म्हणाला.

"त्यांच्या वतीनं तू?"

"होय फादर."

फादरांनी मान हलवली. रोजचंच असल्यासारखी. पुढं वाचायला लागले.

मला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय. आमची पाळी आली हे साहेबांना कुणी सांगितलंच नसेल. म्हणून मी त्यांच्या बाकाशी गेलो, कमरेत वाकलो आणि तोंडात साखर घोळवत म्हणालो, "साहेब, आमची पोरगी..."

साहेबांनी नातवाच्या टोपीची नाडी सोडवता सोडवता माझ्याकडं पाहिलं.

"नाव दिलं ना मी तुला? मग हात कशाला पाहिजे?"

आवाज चढला नाही. राग नव्हताच. राग यायला समोर माणूस लागतो. शेजारच्या बायका हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मी? मी म्हणालो, "थँक्यू साहेब."

खरंच म्हणालो. वर हसलो. आमच्या घराण्यात हे हसू पिढ्यानपिढ्या चालत आलंय. आजा पाटलापुढं हसायचा, बाप मुकादमापुढं. जमीनजुमला नव्हता, एवढं हसू तेवढं वारशात मिळालं.

आता इथवर मी कसा पोचलो ते सांगतो. मला कुणी ओढून आणलं नव्हतं. मी हौसेनं आलो होतो. शेजारचा गणपत लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, त्याचा कोट मागून, तो घालून आलो होतो. पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. बाह्या बोटांच्याही खाली. घरातून निघताना मला वाटलं, मी लाटसाहेब दिसतोय. चर्चच्या पायरीवर साहेबांच्या फोटोग्राफरनं मला हातानं बाजूला केलं. "बँडवाले मागच्या गेटनं," म्हणाला.

आम्ही नगरकडचे. आजा महारवाड्यातला. दुष्काळात मिशनच्या फादरनं जोंधळा दिला, पोरांना पाटी दिली, आजा ख्रिस्ती झाला. गावानं त्याचं नाव बदललं, जागा बदलली नाही. पुढं बाप मुंबईला आला, आणि मी इथंच वाढलो. लालबागच्या चाळीत एक खोली, आणि माझगावच्या बाजूला गोदीत काम. मी खलाशी. म्हणजे दोरखंड ओढणारा, लोखंड खांद्यावर घेणारा गडी. मिनेझिससाहेब त्याच गोदीत हेडक्लार्क, आणि चर्चच्या कारभारातही मोठे.

चर्चमध्ये पुढची बाकं त्यांच्यासारख्या घराण्यांची. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्हाला मात्र वाचता यायचं. रविवारी सकाळचं प्रवचन इंग्रजीत. मराठी पाहिजे तर पहाटेच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला या. तो मिस्सा साहेबांघरच्या आयांचा, बटलरांचा आणि आमचा. बाहेर रस्त्यावर सगळी मुंबई मराठीसाठी घसा फोडत होती आणि आत येशू ख्रिस्त आमच्याशी फक्त अंधारात मराठी बोलायचा.

पोरगी झाली. बाप्तिस्मा करायचा तर धर्मबाप पाहिजे. धर्मबाप म्हणजे पोराच्या वतीनं देवाला उत्तर देणारा, आणि उद्या बाप मेला तर पोराकडं बघणारा. निदान पुस्तकात तसं आहे.

मार्था म्हणाली, "माझ्या योनामामाला घ्या."

योनामामा गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. छातीत सगळा कापूस भरलेला.

"मामा पोरीला काय देणार?" मी म्हणालो. "खोकला?"

माझं मलाच हसू आलं. मार्थाला आलं नाही.

मला सल्ला दिला लाझरसनं. तोही नगरकडचा, माझ्याच टोळीत दोर ओढायचा. "अरे येड्या, साहेबाला विचार," तो म्हणाला. "माझ्या बेनेडिक्टचा धर्मबाप कोण? साहेब. सायमनच्या पोरीचा कोण? साहेब. कुणाला नाही म्हणत नाहीत."

खरंच होतं. गोदीत आमच्या लोकांत ज्याला विचारावं त्याच्या पोराचे धर्मबाप मिनेझिससाहेब. चहाच्या टपरीवर ऐटीत सांगायचे सगळे. ते नाव घेताना पाठ ताठ व्हायची एकेकाची. मला वाटायचं, केवढं मोठं मन या माणसाचं. काळ्या कामगारांची एवढी पोरं यानं छातीशी धरली.

मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. मागच्या दारानं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून काखेत कोंबडी. दार पास्कूनं उघडलं. पांढरे केस, कंबरेला फडकं, गोव्याचा. साहेब आतून आले, मी नमस्कार करायला दोन्ही हात जोडले. दोन्ही हात जोडल्यावर कोंबडी कशानं धरणार? ती सुटली, थेट दिवाणखान्यात शिरली आणि पियानोवर चढली. पियानो वाजला. त्या घरात माझ्या आगमनाची वर्दी अशी दिली गेली.

पास्कू कोंबडीमागं धावला. साहेब हसले नाहीत.

"तू त्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात जातोस?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

गेलो होतो. लाठी चालली तेव्हा एक चप्पल तिथंच ठेवून पळालो होतो. पायात ज्या दिसत होत्या त्यातली एक शेजाऱ्याची होती.

"तुमचा तो महाराष्ट्र झाला की आम्हाला हाकलणार मुंबईतून."

"छे छे साहेब! तुम्हाला आम्ही ठेवून घेऊ."

मला हे मोठं मायेचं बोलणं वाटलं. पास्कूनं कोंबडीच्या पंखात तोंड लपवलं. साहेबांनी मात्र विषय बदलला.

"मुलीचं नाव काय?"

"सगुणा. माझ्या आईचं."

"सगुणा नावाची संत आहे कुठं?"

"नाही साहेब. पण सोसलंय खूप तिनं."

"ग्लोरिया ठेव."

"बरं साहेब."

घरी येऊन आईला सांगितलं. ग्लोरिया तिला म्हणता येईना. दिवसभर ती सुपारीसारखं ते नाव तोंडात घोळवत होती. शेवटी म्हणाली, "देवाला समजलं म्हंजे झालं."

तर असा मी त्या रविवारी दुपारी चर्चला आलो. साहेबांच्या नातवाचा बाप्तिस्मा त्याच वेळी. आधी त्यांचा. घंटा वाजली, ऑर्गन वाजला, फोटो निघाले. नातवाचा धर्मबाप कुणी मोठा डॉक्टर होता. त्यानं पोराला असं छातीशी धरलं होतं, जणू काच. मी कौतुकानं बघत होतो. मनात म्हणालो, आता असंच आपल्या पोरीला.

मग आमची पाळी. ऑर्गनवाला उठून गेला. आणि स्वयंपाकघरातून पास्कू आला. पार्टीचं जेवण अर्धं टाकून आला होता. हाताला कांद्याचा वास.

"थँक्यू साहेब" म्हणून मी परत कुंडापाशी येऊन उभा राहिलो. फादरांनी पोरीच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवलं. रीतच आहे, आधी मीठ, मग पाणी. ती रडायला लागली. पास्कू तिला थोपटायला लागला. थोपटणं चांगलं होतं त्याचं. सवयीचं.

फादर पान उलटत होते तेवढ्यात मी त्याच्या कानाशी लागलो. "तुला कसं काय पाठवलं आज?"

"आज कसला?" तो पुटपुटला. "साहेबाच्या नावानं मी लय पोरं धरली, बाबा. पोरांची नावं ध्यानात नाय, बाप तेवढे ठाऊक."

"लाझरसचा बेनेडिक्ट?"

"तो मोठ्या डोक्याचा? मीच."

"सायमनची पोरगी?"

"मीच ना. दुसरा कोण?"

डोक्यात काहीतरी लख्ख झालं. म्हणजे गोदीतली ती सगळी ताठ पाठीची माणसं इथंच, याच फरशीवर उभी राहिली होती. प्रत्येकाच्या पोराला कांद्याच्या हातांनी धरलं होतं. प्रत्येकानं "थँक्यू साहेब" म्हटलं होतं. आणि बाहेर जाऊन प्रत्येकानं नाव सांगितलं होतं, हात सांगितले नव्हते. लाज आमची आम्हीच वाटून घेतली होती आणि एकमेकांपासून झाकून ठेवली होती. साहेबाला काही करावंच लागत नव्हतं. त्याची अब्रू आम्हीच राखत होतो.

फादर म्हणाले, "ग्लोरिया, तू सैतानाचा त्याग करतेस काय?"

पास्कूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी पोरीला त्याच्या हातातून घेतलं.

"थांबा फादर."

"काय झालं?"

"साहेब इथंच बसलेत. त्यांना धरू द्या. ते धरणार नसतील तर मला धर्मबाप नको."

 साहेब उठून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट पाहिलं.

"बघा," ते फादरना म्हणाले. "घाटी लोकांना मान दिला की हे असं होतं."

फादर मला म्हणाले, "दुसऱ्यानं धरलं तरी चर्चच्या कायद्यात बसतं."

"कायद्यात बसतं, फादर. माझ्या घशात बसत नाही."

"बाप्तिस्मा अर्ध्यावर टाकून जाशील? पाणी राहिलंय."

गेलो. मिठापर्यंत पोरगी ख्रिस्ती झाली होती, पाण्याआधी मी तिला उचललं. छाती काढून, तरातरा निघालो. दाराच्या मखमली पडद्यात कोटाचं पितळी बटण अडकलं. पडदा दांडीसकट खाली आला, माझ्या डोक्यावर. आतून कुणीतरी फिसकन हसलं. बंड करायचं असेल तर माणसानं कपडे स्वतःचे घालावेत. पडद्यातून मला सोडवलं पास्कूनंच. सोडवताना त्यानं पोरीच्या गालाला एक बोट लावलं आणि आत गेला.

बाहेर रस्त्यावर मोर्चा. लालबाग-परळकडून आलेली माणसं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" माझं रक्त तापलेलं होतं. वाटलं, ही आपली माणसं. पोरीला घेऊन मी त्यांच्यात घुसलो.

"अरे बँडवाला आला रे! वाजव, वाजव!"

हशा पिकला. मीही हसलो. मग एकानं पोरीच्या झग्याकडं, आईच्या जपमाळेकडं पाहिलं.

"हा तर किरिस्ताव, पाववाला. तुमच्या लोकांना मुंबई वेगळी पाहिजे ना? इथं काय करतोस?"

काय सांगणार? ज्यांना वेगळी पाहिजे त्यांनीच मला आत्ता घाटी म्हटलंय, हे एवढं घोषणेत बसत नव्हतं. मी "झालाच पाहिजे" ओरडलो. पोरगी दचकून किंचाळली. मार्थानं तिला माझ्याकडून घेतलं आणि ती चालायला लागली. माझी वाट न बघता.

दुसऱ्या दिवशी गोदीत मला वाटलं, लाझरस पाठीवर थाप मारेल. तो दोराची गुंडाळी करत होता.

"तुझ्या बेनेडिक्टला कुणी धरलं होतं?" मी विचारलं.

तो गुंडाळी करतच राहिला. मग म्हणाला, "पास्कूनं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" त्यानं दोर खाली टाकला. "सगळ्यांचं बरं चाललं होतं. काल चर्चमध्ये ओरडलास ते आज गोदीभर झालं, टपरीवरची हिंदू पोरंसुद्धा विचारतात, तुझ्या पोराला साहेबानं धरलं का आचाऱ्यानं? तुझं नाक गेलं ते गेलं. आमचं कशाला कापलंस?"

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेना. सायमनही. साहेबांनी मला काही केलं नाही. गरजच नव्हती. आमच्या लोकांनी केलं. डबा खायला मी एकटा.

शेजारच्या चाळीतला तानाजी नुकताच नागपूरहून बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला होता. तो म्हणाला, "तुमच्या आज्यानं घाई केली राव. थोडा थांबला असता तर आमच्यासंगं आला असता." मी हसलो. बोलणं खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. आजा थांबला असता तर दुष्काळात मेला असता.

मग पोरीला ताप आला. अंग नुसतं भाजत होतं. आई भिंतीकडं तोंड करून जपमाळ ओढत होती. बाप्तिस्म्याविना पोर गेलं तर ते देवाच्या दारात शिरत नाही, पवित्र मातीत पुरत नाहीत, कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरतात. हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

मार्था म्हणाली, "अहो, जा. माफी मागा. माझी पोर भिंतीच्या बाहेर नको."

"मामाला धर्मबाप करू," मी म्हणालो.

"आता आठवला मामा?"

यावर माझ्याकडं विनोद नव्हता. मामाकडं गेलो. तो खोकत खोकत "हो" म्हणाला. एका शब्दानं मला काही बोलला नाही.

चर्चच्या आतल्या खोलीत फादर एकटेच होते. वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. छप्पर गळत होतं, दुरुस्ती साहेबांच्या ओळखीनं व्हायची होती.

"मामा चालेल," फादर म्हणाले. "पण आधी मिनेझिससाहेबांची माफी माग. सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केलास तू."

"मी? त्यांचा?"

"हट्ट सोड. मग येत्या रविवारी करून टाकू."

"पोरीला ताप आहे, फादर."

फादरांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "अगदीच मरायला टेकली तर वाट बघू नको. घरातल्या घरात तूच डोक्यावर पाणी ओत, शब्द म्हण. कुणीही केलं तरी चालतं अशा वेळी."

"कुणीही?"

"कुणीही."

"म्हणजे मरणाऱ्या पोरीला मी चालतो. जगणाऱ्या पोरीला साहेबाची माफी लागते."

फादरांनी टेबलावरची मेणबत्ती उगाच सरळ केली. ती सरळच होती.

मी घरी आलो. मार्था दारातच उभी होती. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं.  आत वळली आणि पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत बसली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. ताप पोरीला होता, आणि पीळ मला.

ताप उतरला. पोरगी वाचली, काडीसारखी झाली. पाणी मी ओतलं नाही. आई म्हणाली, दगडाच्या काळजाचा आहेस. असेन. पण पोरगी मरतानाच चालणारा बाप मला व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या चर्चमध्ये गेलो. आपल्या चर्चची चिठ्ठी आणा, म्हणाले. चिठ्ठी कोण देणार? पुढं त्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावाचून मिशनच्या शाळेचं दार तिला बंद राहणार, हेही तेव्हाच दिसत होतं. साहेब होते तिथंच राहिले. पास्कू पोरं धरत राहिला. संयुक्त महाराष्ट्र होणार म्हणत होते, व्हायचं तेव्हा होईल. त्यात आमचं बाक कुठलं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात कळलं, फिलिपला मुलगा झाला. आमच्याच टोळीतला, नवीन लग्न झालेला. आणि तो साहेबांकडं जाणार आहे.

मी सायमनच्या खोलीवर गेलो. म्हटलं, आपण दोघं मिळून फिलिपला सांगू. त्यानं अर्धं ऐकलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

मी एकटाच फिलिपच्या दारात गेलो. अंगात माझाच फाटका सदरा. फिलिप बाहेर आला, मला बघून त्याचं तोंड उतरलं. मी हसलो नाही. ते वारशाचं हसू आलंच नाही तोंडावर.

"साहेबाकडं जा," मी म्हणालो. "पण त्याला आधी विचार, माझा पोरगा तू स्वतःच्या हातात घेणार का? नाही म्हणाला तर परत ये. नाव मागू नको. हात माग."

"आणि दोन्ही नाही मिळालं तर?"

"तर नाही मिळालं. माझ्या पोरीला नाही मिळालं."

त्यानंही दार लावलं. लावू दे. आमच्या लोकांत पोर जन्मलं की त्या दारात मी जाणार. हाकललं तर पुन्हा जाणार. जे सगळ्यांनी झाकलं ते प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून मोठ्यानं सांगणार. बायको बोलो न बोलो, टोळी जेवायला घेवो न घेवो. माझी पोरगी बिनपाण्याची राहील. पण साहेबाच्या वतीनं तिला धरायला भाड्याचे हात येणार नाहीत, आणि मी पुन्हा थँक्यू म्हणणार नाही.